घड्याळ वाजलं, पुढे काय?
भाऊ, "कामगाराच्या मनगटाला सेन्सरचं घड्याळ बांधलं की उष्माघात टळेल" हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याच्या शेडमध्ये उकडतंय हे सांगायला घड्याळ लागत नाही. ते वाजल्यावर मशीन थांबवायचा हक्क कुणाला, हे आधी बोला. नगावर पैसे घेणारा तर थांबणारच नाही, त्याचा रोज बुडतो.

तंत्रज्ञानाने त्रास कमी होतच नाही असं नाही. डाळ मिलमधलं सॉर्टेक्स, म्हणजे दाणे निवडणारं मशीन बघा. उतारावरून दाणे सुटतात, कॅमेरा एकेक टिपतो आणि डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. पूर्वी हेच काम बाया मान मोडेस्तोवर बसून करायच्या. मान, डोळे वाचले. पण बऱ्याच जणींचं कामही गेलं. आणि डाळीची धूळ? ती आहे तिथेच. लाखांचं मशीन येतं, धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या वेळी मात्र मालकाचा हात आखडतो.

चेहऱ्यावरून कामगाराचा मूड ओळखणाऱ्या यंत्रणेला युरोपीय संघाने २०२४ च्या एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी बंदीच घातली (वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून), ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागूही आहे. आपल्याकडे मात्र कामाने घासून गेलेला अंगठा हजेरीच्या थम्ब मशीनवर उमटत नाही म्हणून खाडा लागतो. अशा वेळी वहीतली सही चालेल, एवढं तरी लेखी करून घ्या.