‘वजन’ नेमकं कशात?
इंदूरच्या एका नमकीन दुकानाचं उदाहरण घ्या: गिऱ्हाइकाने पाव किलो लवंग शेव मागितली, एजंटने (ऑर्डर घेणाऱ्या एआय प्रोग्रॅमने) २५० किलोची ऑर्डर टाकली. दोष मॉडेलचा (एजंटमागच्या एआयचा) कमी, टूलच्या, म्हणजे ऑर्डर टाकायला ते कॉल करतं त्या फंक्शनच्या, वर्णनाचा जास्त. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि स्कीमा (कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा), बस. पॅरामीटरचं (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्याचं) नाव नुसतं ‘वजन’ असेल तर ते अंदाजच बांधणार. ‘वजन_ग्राम’ करा, पूर्णांक, किमान १००, कमाल ५०००. वर्णनात लिहा: ‘पाव किलो म्हणजे २५०. फक्त भाव विचारला असेल तर हे टूल वापरू नका, भाव_पाहा वापरा.’ हे ‘कधी नको’ लोक हमखास गाळतात! मर्यादा सर्व्हरवरही तपासा. आणि एररमध्ये कोरडं ‘४००’ (विनंती चुकीची, एवढंच सांगणारा कोड) नको. ‘वजन १०० ते ५००० ग्राममध्ये द्या’ असं कळवलं तर एजंटला आकडा सुधारून पुन्हा कॉल करता येतो.