शब्दचर्चा: ‘ऐकणं’ आणि ‘ऐकून घेणं’

प्रश्न

‘तू माझं ऐकत नाहीस’ आणि ‘तू माझं ऐकून घेत नाहीस’ या दोन वाक्यांत तुम्ही फरक करता का? आमच्याकडे सासूबाई पहिलं वाक्य नातवंडांना म्हणतात आणि दुसरं माझ्या नवऱ्याला. पोरांना अर्थ बरोबर कळतो: गुमान सांगितलेलं कर. नवरा मात्र ‘ऐकायलोय की, बोल’ म्हणतो आणि मोबाईलमधून मान वर काढत नाही. शिवाय, गप्पांमध्ये दुसऱ्याचं नीट ऐकणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणायचं? ‘श्रोता’ म्हटलं की सतरंजी अंथरलेली सभाच डोळ्यांसमोर येते.

पहिला प्रतिसाद

फरक आहे, ताई, आणि मोठा आहे. ‘एखाद्याचं ऐकणं’ म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागणं. ‘पोरगं ऐकत नाही’, ‘बैल ऐकेना झालाय’ यात कानाचा संबंध जवळजवळ संपलेला आहे. ‘ऐकून घेणं’ यात कबूल करणं येत नाही. ‘तुझं सगळं ऐकून घेतो, पण पैसे देणार नाही’ हे वाक्य सरळ वाटतं. ‘तुझं ऐकतो, पण पैसे देणार नाही’ म्हटलं तर जीभ अडखळते.

घरातल्या पुष्कळ भांडणांचं मूळ मला इथेच दिसतं. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं तर आपण मान्यच केलं असं होईल, ही धास्ती असते. म्हणून बायको ‘या दिवाळीला आईकडे जावं म्हणते...’ एवढं बोलली की नवरा तिकिटं, रजा, खर्च काढून बसतो. तिला कदाचित पुढे एवढंच सांगायचं असतं की आईला हल्ली रात्री झोप लागत नाही. ते वाक्य तिच्या तोंडातच राहतं. ऐकून घेतलं म्हणून होकार द्यावा लागत नाही, एवढं मनाशी पक्कं असेल तर मधे तोंड घालायची घाई निम्म्याने कमी होते.

यातलं ‘घेणं’ हे सहायक क्रियापद महत्त्वाचं. समजून घेणं, विचारून घेणं, ऐकून घेणं: क्रिया आपल्याकडे, आपल्यासाठी येते. ‘ऐकून ठेव’ यात ताकीद आहे, ‘ऐकून सोडून दे’ हा सल्ला. ‘सासरी खूप ऐकून घेतलं’ यात मात्र मुकाट्याने सोसणं आहे. तो अर्थ वेगळाच धरावा.

चांगलं ऐकणाऱ्यासाठी रोजच्या बोलण्यातलं एकशब्दी नाम मलाही सुचत नाही. वाईट कानांसाठी भाषा श्रीमंत आहे: हलक्या कानाचा, कानाडोळा, कानामागे टाकणं, कान भरणं. चांगल्यासाठी क्रियाविशेषण आहे, आणि ते सुरेख आहे. आदित्यराणूबाईच्या कहाणीत सांगणारी ‘मनोभावे’ सांगते आणि ऐकणारा ‘चित्तभावे’ ऐकतो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय तर श्रोत्यांकडे ‘अवधान’ मागूनच सुरू होतो. अवधान, लक्ष, कान या गोष्टी मराठीत आपण आधी ‘देतो’. मग ऐकून ‘घेता’ येतं.

दुसरा प्रतिसाद

आमच्या घरी कन्नड बोलतात, म्हणून भर घालते. कन्नडात ‘केळु’ म्हणजे ऐकणं, आणि ‘केळु’ म्हणजेच विचारणं. संदर्भावरून कळतं. ‘मातु केळु’ म्हणजे सांगितलेलं मानणं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू मैत्रिणी ‘माट विनु’ म्हणतात, अर्थ तोच. विचारण्यासाठी मात्र त्यांच्याकडे ‘अडुगु’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे सोलापूरच्या एकाच गल्लीत तिन्ही भाषांमध्ये ‘ऐकणं’ आज्ञा पाळण्यापर्यंत पोचलंय, पण विचारण्यापर्यंत फक्त कन्नडातलं.

पहिला प्रतिसाद देणाऱ्यांचं उत्तर

‘केळु’ची माहिती फार मोलाची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे ऐकणं आणि विचारणं एकच असतं हे मी रोज पाहिलं. माग चालू असताना ‘हं, हं’ म्हणून उपयोग नसतो, खडखडाटात ते कुणाला ऐकूच जात नाही. तोंडाजवळ कान न्यावा लागतो, चेहऱ्याकडे बघावं लागतं. आमचा एक जुना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. कामगार म्हणाला, ‘माग जड चालायलाय,’ तर तो लगेच पाना घेऊन वाकायचा नाही. विचारायचा, ‘कधीपासनं? सकाळपासनं, का कांडी (सुताची गुंडाळी) बदलल्यावर?’ मग थांबायचा. कामगार आठवून सांगायचा, दोरी कुठे तुटते, आडवं सूत नेणारा धोटा कुठे अडतो. दुसरे जॉबर ‘माहिताय मला’ म्हणत माग उघडायचे आणि तासाभराने तोच प्रश्न विचारायला परत यायचे.

फक्त प्रश्न कुठला, हे बघावं. ‘मग तू तेव्हाच का बोलला नाहीस?’ हा प्रश्न दिसतो, पण तो जाब आहे. असा जाब विचारला की समोरचा सांगणं सोडून सफाई देऊ लागतो.

प्रश्नकर्तीचं उत्तर

मनापासून आभार, काका. जाब आणि प्रश्न हा फरक घरी लगेच वापरता येईल. एक शब्द मीही जोडते: ‘मग?’ आखूड, उत्सुक ‘मग?’ म्हटलं की समोरचा पुढे बोलतो. लांबवून ‘मऽऽग’ म्हटलं तर ‘हे तर होणारच होतं’ असा अर्थ. ‘मग काय झालं!’ म्हणजे विषयावर झाकणच. अक्षरं दोन, आणि सगळा खेळ सुरांचा. माझी आजी गोष्ट सांगताना आमच्याकडून ‘हूं’ म्हणवून घ्यायची, आणि ‘हूं’ थांबलं की गोष्टही थांबायची. याला काहीजण हुंकार देणं म्हणतात. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे त्याला वेगळा शब्द असेल तर कृपया इथे लिहा.