मदत हवी आहे: सहा जणांच्या ऑनलाइन मीटिंगची पहिली दहा मिनिटं

मंडळी, नमस्कार.

आमचा सहा जणांचा गट दर सोमवारी तासभर व्हिडिओ कॉलवर भेटतो. चौघांची जुनी ओळख, दोघं महिन्याभरापूर्वी आलेले. मीटिंग चालवायचं काम माझ्याकडे. नवे दोघं विचारल्याशिवाय बोलत नाहीत, म्हणून सुरुवातीला काहीतरी हलकंफुलकं ठेवायचं ठरवलं आणि तिथेच माझी फजिती सुरू झाली.

मागच्या सोमवारी म्हटलं, "प्रत्येकाने स्वतःबद्दल एक मजेदार गोष्ट सांगा. कोण सुरू करतंय?" सगळे चिडीचूप. मग दोघं एकदम बोलले, एकदम थांबले, "नाही नाही, तुम्ही बोला", "अहो, तुमचं होऊ दे आधी". परत दोघं एकदम. शेवटी जुन्यांपैकी एकाने किल्ला लढवला. नव्या मुलीची पाळी आली तर ती म्हणाली, "माझ्याबद्दल मजेदार असं काही नाही," आणि माइक बंद. ओशाळायला मला झालं.

त्याआधी 'दोन खरं, एक खोटं' (स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली खोटी बाकीच्यांनी ओळखायची) करून पाहिलं होतं. जुन्यांनी आपसातले विनोद सुरू केले, पंचवीस मिनिटं गेली आणि नवे नुसते बघत बसले.

दहा मिनिटांत आटपेल असं काही सुचवा. एक जण फोनवरून येतो, नेट अशक्त, त्यामुळे त्याचा कॅमेरा कायम बंद. आणि कृपा करून कोणाला गायला-नाचायला लावणारं नको.

प्रतिसाद १

तुमचा घात "कोण सुरू करतंय?" या प्रश्नाने केला. गप्पांमध्ये एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात. २००९ साली दहा भाषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे आलं आहे. नेट अशक्त असेल तर आवाज पोचायलाच तेवढा वेळ जातो. म्हणजे समोरचा थांबलाय असं वाटून तुम्ही तोंड उघडता, तोवर त्याचं पुढचं वाक्य वाटेत असतं. यात लाजाळूपणाचा संबंध नाही.

क्रम आधीच ठरवा. 'डावीकडून सुरू करू' म्हणू नका, चौकटींचा क्रम प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा असू शकतो. नावं चॅटमध्ये लिहून टाका. नव्यांना तिसरं-चौथं ठेवा, पहिलं नको आणि शेवटचं तर मुळीच नको. शेवटच्या माणसाचं अर्धं लक्ष आपण काय बोलायचं यातच असतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. शिवाय 'मजेदार' हा शब्द काढा. त्या शब्दाने माणूस परीक्षेला बसतो. "आत्ता तुमच्या हाताशी कोणती वस्तू आहे?" याला उत्तर नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

आमच्याकडे चाललेला प्रकार सांगते. एकाने हाताशी असलेल्या वस्तूचं वर्णन करायचं. नाव आणि उपयोग सांगायचा नाही, फक्त आकार. बाकीच्यांनी कागदावर काढायचं. दोन मिनिटं झाली की सगळ्यांनी कागद एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचे. वर्णन करणाऱ्याचा कॅमेरा बंदच हवा, त्यामुळे तुमचा फोनवाला यात आपोआप मुख्य पात्र होतो. चित्रकला जितकी वाईट तितकं बरं.

प्रतिसाद ३

मला हे खेळ मुळात आवडत नाहीत. सहा जणांसमोर बोलायला जो बिचकतो तो खेळातही बिचकतोच. त्यापेक्षा ब्रेकआउट रूम (मीटिंगमधल्याच छोट्या, वेगळ्या खोल्या) करून तीन जोड्या पाडा, चार मिनिटं द्या आणि बाहेर येऊन काय बोललात ते विचारू नका. दर आठवड्याला जोड्या बदला. पाच आठवड्यांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं होतं.

आणि अनोळखी माणसांत जवळीक वाढवणारे ते प्रसिद्ध ३६ प्रश्न कोणी सुचवलेच तर सावध. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरन यांनी १९९७ मध्ये मांडलेले ते प्रश्न दोघांसाठी, तीन टप्प्यांत हळूहळू खोल जाणारे, एकूण पाऊण तासाचे आहेत. त्यातला शेवटचा एखादा उचलून सोमवारी सकाळी सहा जणांवर टाकला तर माइकच काय, लॅपटॉप बंद होतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल चित्राचा प्रयोग केला. फोनवाल्याने वर्णन केलं: "लांबट, दोन जबडे, मागे एकत्र जोडलेले. वरचा दाबला की खाली येतो, सोडला की परत वर." चौघांनी कागद वर धरले. दोन मगरी, एक चिमटा आणि नव्या मुलीचा अगदी व्यवस्थित स्टेपलर, आतल्या स्प्रिंगसकट! "तुम्हाला कसं कळलं?" म्हणून सगळे तिच्या मागे लागले आणि ती सलग दोन मिनिटं बोलली. महिन्याभरात पहिल्यांदा. "पुढच्या वेळी वर्णन मी करणार," हेही तिनेच सांगितलं.

क्रम चॅटमध्ये टाकल्याने "तुम्ही बोला, तुम्ही बोला" पूर्ण थांबलं. जोड्यांचा प्रकार पुढच्या महिन्यात करून बघेन.

आता वेगळीच अडचण: दहाची सतरा मिनिटं झाली आणि कामाकडे वळवताना मीच खलनायिका ठरले. रंगात आलेल्या माणसांना न दुखावता आवरतं कसं घ्यायचं?