टाकी नसलेला गिझर: इन्स्टंट, गॅस की परत जुनाच?

गोदाकाठी:
मंडळी, नाशिकला टू बीएचके, चौथा म्हणजे शेवटचा मजला, डोक्यावर लगेच बिल्डिंगची टाकी. बारा वर्षं चाललेला २५ लिटरचा स्टोरेज गिझर परवा खालून गळायला लागला, प्लंबर म्हणाला आतली टाकीच सडलीय, नवीनच घ्या. दुकानात गेलो तर तो म्हणे साहेब आता टाकीवाला कोण घेतंय, इन्स्टंट घ्या, जागा कमी, किंमत कमी, बिल निम्मं. घरी आलो तर सासरेबुवांचा फोन, गॅस गिझर घ्या, धो धो पाणी येतं. बायको म्हणते मला काहीही चालेल, फक्त साडेसहाला मुलीची व्हॅन यायच्या आत चौघांच्या अंघोळी झाल्या पाहिजेत. आईचे गुडघे दुखतात, ती स्टुलावर बसून बादलीनेच अंघोळ करते आणि तिला पाणी कढतच लागतं, विसण ती स्वतः घालून घेणार, दुसऱ्याने घातलेलं चालत नाही.
तर वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा. बिल खरंच निम्मं होतं का? पाणी बोअर आणि कॉर्पोरेशनचं मिक्स आहे, तोट्यांवर पांढरा थर बसतो.

फेज_न्यूट्रल:
बिल निम्मं वगैरे काही होत नाही, दुकानदाराला सांगा तुमच्या घरचं दाखवा. १८ लिटरची बादली १५ अंशांवरून ४२ ला न्यायला अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज लागतेच, मग ती टाकीत तापवा नाहीतर नळीत. चार बादल्यांचे सव्वादोन युनिट धरा. टाकीवाल्यात वाया जाते ती फक्त तापवून ठेवलेलं पाणी निवतं तेवढी, आणि स्टोरेजवरचे स्टार त्याचेच असतात, टाकी थर्मासासारखी किती चांगली आहे त्याचे. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्यांना फरक पडेल. तुम्ही पाऊण तास लावून सगळं वापरून बंद करत असाल तर फरक किरकोळ.
आता खरी गोम. घरगुती इन्स्टंट बहुतेक ३ किलोवॅटचे. तेवढ्या ताकदीत जानेवारीतलं पाणी अंघोळीजोगं करायचं तर मिनिटाला दीड-पावणेदोन लिटर, त्याच्यावर नाही. म्हणजे बादलीला अकरा मिनिटं. नळ जास्त सोडलात की पाणी कोमट. ३ लिटरची छोटी टाकी असलेल्या इन्स्टंटमध्ये तर पहिलं तांब्याभर पाणी चटके देतं आणि मग हळूच थंड होत जातं, माणूस फसतो. शिवाय सकाळी व्होल्टेज पडून २०० वर आलं तर तोच ३ किलोवॅटचा गिझर सव्वादोनचाच होतो, कारण व्होल्टेज थोडं पडलं तरी ताकद त्याच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबाने पडते.
पॉईंट १६ अँपिअरचा, वायर जाड आणि अर्थिंग तपासलेलं पाहिजे, १३ अँपिअर सतत ओढतो तो. जुन्या बिल्डिंगमध्ये प्लगची पिन काळी पडलेली मी स्वतः पाहिलीय.

कांदेपोहे_कट्टा:
आमच्याकडे ३ लिटरचा इन्स्टंट आहे पण किचनमध्ये, सिंकच्या वर. भांड्यांचा ओशटपणा जातो, हात गारठत नाहीत, झकास. त्याच भरवशावर पाहुण्यांच्या बाथरूममध्येही तोच बसवला तर मेव्हण्याने शॉवर सोडला आणि आतून ओरडला "अहो पाणी गरम करा की". गिझर चालूच होता.

मोरीवाला:
फेज_न्यूट्रल, हिशोब बरोबर पण घाबरवताय उगाच. अकरा मिनिटं तुम्ही नळाकडे बघत थोडीच बसता, एकाची अंघोळ चालू असताना पुढच्याची बादली लावायची. दोन बादल्या ठेवा. चार बादल्या पंचेचाळीस मिनिटांत होतात, आणि टाकीवाल्याला पण २५ लिटर तापवायला २ किलोवॅटवर तेवढाच वेळ लागतो की, ते पण कुणीतरी पावणेपाचला उठून बटण दाबलं तर. आमच्याकडे ते "कुणीतरी" मीच होतो. म्हणून बदलला.
मात्र शॉवरवाले असाल तर विसरा. आणि आईंना कढत हवं असेल तर धार बारीक करावी लागेल, मग बादली भरेपर्यंत त्या दोनदा हाक मारतील हे धरून चाला.

पाऊलवाट:
गॅसवर कुणी बोललं नाही अजून म्हणून लिहिते. कृपया बाथरूमच्या आत बसवू नका, किती का लहान असेना. माझ्या मावसबहिणीकडे चार बाय सहाच्या बाथरूममध्ये कमोडच्या वर लावला होता, खिडकी होती पण डिसेंबरात गार वारा नको म्हणून काचेला पुठ्ठा लावलेला. ती अंघोळीला गेली, बराच वेळ आवाज नाही, पाणी नुसतं वाहतंय. दार तोडलं तेव्हा खाली पडलेली. वाचली, पण डॉक्टर म्हणाले आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. ज्याने फिटिंग केलं तो म्हणे सगळे असंच बसवतात.
गॅस गळला तर वास येतो कारण सिलेंडरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम घातलेला असतो. पण कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड होतो त्याला ना वास ना रंग, माणसाला नुसती झोप आल्यासारखं होतं. एक्झॉस्ट फॅन आहे असं सांगतील, पण बंद दाराआड बाहेरून हवाच आत येत नसेल तर तो काय ओढणार. वापरायचाच तर मशीन बाहेर आणि फक्त पाण्याचा पाईप आत.

सिलेंडर_बुक_केला:
वरच्या ताईंशी १०० टक्के सहमत, आमचा ड्राय बाल्कनीत आहे, भिंतीतून पाईप आत. सहा वर्षं झाली. मिनिटाला ६ लिटरचा आहे, बादली साडेतीन-चार मिनिटांत, पाहुणे कितीही येऊदेत पाणी संपत नाही, लाईट गेली तरी चालतो, दोन मोठे सेल लागतात ठिणगीला. माझा अंदाज १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये अडीचशे बादल्या निघतात, दिवसाला चार म्हटलं की दोन महिने. म्हणजे स्वयंपाकाचा वेगळा, याचा वेगळा.
पण भाऊ तुमचा शेवटचा मजला आणि लगेच वर टाकी, इथे घोडं अडणार. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर, तुमच्या नळाला दोन-तीन मीटरचंच मिळत असेल. पाण्याचा जोर गिझरच्या आतला पडदा ढकलतो तेव्हा गॅस सुटतो, जोर नसला की नुसतं टक टक टक करत बसतो, ज्वाला येतच नाही. बूस्टर पंप लावावा लागेल. आणि पाईप गॅसचं कनेक्शन आलं असेल तर मॉडेल त्याचंच घ्या, जेट (गॅस सुटायची बारीक भोकं) वेगळे असतात, सिलेंडरवालं तसंच जोडून चालत नाही.

डॅलसचा_दादा:
अवांतर: इकडे अमेरिकेत टाकी नसलेला म्हणजे अख्ख्या घराला एकच, भिंतीवर बॅगेएवढा, गॅसवर. दोन शॉवर आणि डिशवॉशर एकदम चालतात. मजेत होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं आणि लाईट गेली, त्याची बर्फापासून वाचायची सोय विजेवरच होती त्यामुळे घराबाहेर लावलेला आमचा आतून फुटला. शेजाऱ्याच्या जुन्या टाकीवाल्यात गरम पाणी होतं, त्यांच्याकडून पातेलं भरून आणलं.

आजोबा_१९५१:
आमच्याकडे तांब्याचा बंब होता. वरून थंड ओतलं की तोटीतून कढत बाहेर, मधल्या नळीत शेणकूट. राख काढायचं काम माझ्याकडे होतं. मीटर नव्हता.
कामाचं सांगतो. क्षाराचं पाणी असेल तर कॉईलवर अंडं सोलल्यासारखे पापुद्रे बसतात, स्टोरेज असो की इन्स्टंट. दरवर्षी दिवाळीआधी खोलून साफ करवून घ्या. टाकीवाल्यात मॅग्नेशियमची कांडी असते ती झिजते, ती वेळेवर बदलली तर टाकी सडत नाही. तुमची बारा वर्षांत एकदाही बदलली नसणार.

गोदाकाठी:
आजोबा, कांडी असते हेच आज कळलं 🙏
काल दहा लिटरची बादली लावून नळ मोजला, पूर्ण सोडून भरायला तीन मिनिटं. म्हणजे गॅस बाद, आणि बाल्कनीत वॉशिंग मशीन असल्यामुळे जागाही नाही, बाथरूममध्ये लावायचा प्रश्नच नाही. सासऱ्यांना पाऊलवाट ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते गप्प झाले, मग म्हणाले आमचा पण आतच आहे. रविवारी वायरमन घेऊन जातोय तिकडे, त्यांना स्टोरेजच बसवायचा म्हणतोय.
आपल्याकडे आईच्या बाथरूमला २५ लिटरचा टाकीवालाच, आणि आमच्या बाथरूमला मोरीवाला पद्धतीने इन्स्टंट आणि दोन बादल्या. दोन्ही एकदम लावले तर ५ किलोवॅट होतात, मेन एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) झेपेल का ते फेज_न्यूट्रल सांगा, बोर्डावर ३२ लिहिलंय.

फेज_न्यूट्रल:
दोन्ही मिळून २२ अँपिअर, ३२ वर चालेल, फक्त त्याच वेळी इस्त्री आणि मायक्रोवेव्ह लावू नका. आणि दोन्ही गिझर एकाच वायरवर नाहीत ना ते आधी उघडून बघा.