मदत हवी आहे: आन्तेकेराला मुक्कामासाठी कोणतं रेल्वे स्टेशन धरावं?

स्पेनच्या मालागा प्रांतातल्या आन्तेकेरासाठी ज्येष्ठांच्या गटाचा कार्यक्रम आखतेय. मुक्काम जुन्या गावात. तिकीट काढताना नावांचा घोळ होतो: 'आन्तेकेरा-सान्ता आना' हे स्टेशन गावापासून साधारण १७ किमी पश्चिमेला, बोबादिया गावाजवळ आहे. 'आन्तेकेरा ए व्ही' मात्र गावातच, ग्रानादाच्या द्रुतगती रेल्वेमार्गावर. माद्रिद–मालागा मार्गावरच्या गाड्या सान्ता आनाला थांबतात, त्याही सगळ्या नाहीत.

कोणी अलीकडे जाऊन आलंय का? सान्ता आनाहून गावात जायला गाडीच्या वेळेशी जुळणारी बस मिळते का, रविवारीही? की टॅक्सी आधीच सांगून ठेवावी? की सरळ मालागाहून ए-४५ महामार्गाने बसनेच यावं? अंतर जेमतेम ५० किमी.

माहितीपत्रकात नावाचा प्रवास असा दिलाय: रोमन 'आन्तिकारिया', अरबी 'अंतकीरा', मग आन्तेकेरा; १४१० मध्ये कास्तील राज्याच्या फर्नांदो या राजपुत्राने ते जिंकलं. चूक असेल तर जरूर सांगा.

मेंगा डोल्मेन (प्रचंड शिळांचं प्रागैतिहासिक दफनस्थान) चुकवायचं नाहीये. त्याचं तोंड थेट समोरच्या पेन्या दे लोस एनामोरादोस डोंगराकडे आहे. तिथे आतली जमीन गुडघेदुखीवाल्यांना झेपेल का?