मदत हवी आहे: पुण्यात पदकांच्या फिती बदलून कोण देतं?

नमस्कार मंडळी. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुण्यातले त्यांचे जुने साथीदार दरवर्षी ४ फेब्रुवारीला, मराठा दिनी, एकत्र जमतात. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, त्याची आठवण म्हणून रेजिमेंट हा दिवस पाळते. आधी शहीद साथीदारांना मानवंदना, मग पुरी-भाजी आणि मनसोक्त गप्पा.

यंदा १९७१ च्या लढाईतल्या काकांचा सत्कार आहे. त्यांच्या संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टारच्या फिती पार विरल्यात, रंग ओळखू येत नाहीत, एका पदकाची तर कडीच सुटली आहे. कॅम्प, घोरपडी किंवा वानवडी भागात फिती बदलून पदकं पट्टीवर क्रमाने बसवून देणारं कोणी आहे का? फितीचे रंग अचूकच हवेत, दिसायला जवळपास तसे चालणार नाहीत. पदकं कुरियरने पाठवायची मुळीच इच्छा नाही, स्वतः नेऊन देईन.

शिवाय ‘लास्ट पोस्ट’ वाजवणारा बिगुलवादक हवा आहे, निवृत्त असले तरी उत्तम. मोबाइलवर लावलेली धून या माणसांसमोर मला पटत नाही. मानधन देऊ, नेण्या-आणण्याची सोयही करू.

कोणाला खात्रीशीर माहिती असेल तर कृपया मेसेज करा.