काढा आणि गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवले तर पुरेसे आहे का?

खिडकीपाशी

माझ्या वडिलांचे वय ६८ वर्षे आहे. परवा संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आले आणि कोरडा खोकला सुरू झाला. काल तपासणीत इन्फ्लुएंझा असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांनी ओसेल्टामिविर या विषाणूरोधक औषधाची ७५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ पाच दिवस आणि तापापुरते पॅरासिटामॉल लिहून दिले. याखेरीज हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी ते कित्येक वर्षांपासून घेत आहेत.

माझ्या आत्याने त्यांच्यासाठी काढ्याची भरड पाठवली आहे. तीत गुळवेल, ज्येष्ठमध, सुंठ, मिरी, पिंपळी आणि अडुळसा आहे. हा काढा दिवसातून तीनदा, पंधरा दिवस द्यावा आणि गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे, म्हणजे काहीही अपाय होत नाही, असे तिचे म्हणणे आहे. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते केवळ "नको" म्हणाले. कारण सांगायला त्यांना सवड नव्हती. त्यामुळे आत्याला त्यांचे उत्तर पूर्वग्रहाचे वाटते आणि मला दोघांपैकी कोणालाच ठामपणे काही सांगता येत नाही. दोन तासांच्या अंतराचा नियम खरा आहे का?

खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अंतर ठेवण्याचा नियम खोटा नाही, परंतु तो एकाच प्रकारच्या अडचणीवर लागू पडतो. दोन पदार्थ पोटात एकत्र आले आणि एकाने दुसऱ्याला बांधून ठेवले, तर दुसरा रक्तात पुरेसा शोषला जात नाही. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात, ते याच कारणाने. पण बहुतेक वनस्पतींच्या बाबतीत जी काळजी वाटते ती पोटातली नसून यकृतातली, मूत्रपिंडातली किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेतली असते. मिरी आणि पिंपळी यांतील पायपरीन हे द्रव्य औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील काही विकरांना (एन्झाइम्सना) मंदावते. थिओफिलिन, फेनिटॉइन आणि प्रोप्रानोलॉल या औषधांची रक्तातील पातळी त्यामुळे वाढते, हे माणसांवरील अभ्यासांत दिसलेले आहे. विकर एकदा मंदावले की काढा सकाळी घेतला आणि गोळी दुपारी घेतली, तरी गोळीला तेच मंदावलेले यकृत भेटते.

आता आपल्या वडिलांविषयी. ओसेल्टामिविरची मला फारशी चिंता वाटत नाही. शरीरात त्याचे सक्रिय रूप ज्या विकरांमुळे तयार होते, ती या नेहमीच्या ओढाताणीत सापडणारी नव्हेत. कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या निरमाट्रेलविर-रिटोनाविर या जोडगोळीची गोष्ट निराळी. तिथे परस्परक्रियांची यादी लांबलचक आहे आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर स्पष्टपणे निषिद्ध आहे, कारण ती औषधाची पातळी इतकी खाली आणू शकते की उपचार निष्फळ ठरावा. वडिलांच्या बाबतीत खरी अडचण नव्या गोळीची नाही, जुन्या दोन गोळ्यांची आहे.

पहिली वॉरफरिन. हिची उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत फार थोडे अंतर असते. ताप, मंदावलेली भूक आणि सलग घेतलेले पॅरासिटामॉल एवढ्यानेही आय.एन.आर., म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वर जाऊ शकतो. त्यात आणखी सहा वनस्पतींची भर घातली आणि आकडा हलला, तर तो कशामुळे हलला हे कोणालाच सांगता येणार नाही. सुंठीबाबत प्रामाणिकपणे सांगायचे तर निरोगी माणसांवरील एका लहान चाचणीत तिचा वॉरफरिनवर परिणाम आढळला नव्हता. मात्र रुग्णांमध्ये रक्तस्रावाची शक्यता वाढल्याच्या तुरळक नोंदी आहेत. निरोगी तरुणांवरचा निष्कर्ष आजारी, वयस्क माणसाला तसाच लावणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी लघवीची गोळी, आणि तिच्यासमोर ज्येष्ठमध. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातील एक विकर अडते, कॉर्टिसॉल हे संप्रेरक नको तिथे काम करू लागते, शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. या प्रकारातील बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतातच. ज्याच्या हृदयाचे ठोके आधीच अनियमित आहेत, त्याचे पोटॅशियम दोन्ही बाजूंनी उपसले जावे, हे मुळीच इष्ट नाही. एका कपाने असे होत नाही. पण पंधरा दिवस, दिवसातून तीनदा, हे प्रमाण किरकोळ म्हणता येणार नाही.

पारिजात

खलबत्ता यांनी ज्येष्ठमधाविषयी लिहिले ते माझ्या सासूबाईंच्या बाबतीत घडले आहे. खोकला महिनाभर रेंगाळला म्हणून त्या ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळत असत आणि चूर्णही घेत असत. पायांना सूज आली, पिंडऱ्यांत गोळे येऊ लागले, जिना चढवेना. रक्तात पोटॅशियम बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी औषधांविषयी विचारले तेव्हा आम्ही गोळ्यांची यादी वाचून दाखवली, कारण ज्येष्ठमध हे औषध आहे असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. ते बंद केल्यावरही पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे लागले.

सावकाश

एवढे घाबरवण्याची गरज आहे का? आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या तापावर काढा घेतला जातो आणि प्रत्येक वेळी चार-पाच दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागतो. हा अनुभव नाकारायचा का? शिवाय वनस्पती नैसर्गिक असतात, रसायने नव्हेत.

खलबत्ता

सावकाश, अनुभव खराच आहे. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे एवढाच प्रश्न आहे. साधा इन्फ्लुएंझा काही न घेताही बहुतेक निरोगी माणसांत आठवड्याभरात ओसरतो, खोकला मात्र आणखी रेंगाळतो. चौथ्या दिवशी जे पोटात असेल, ते यशस्वी ठरते. म्हणूनच औषध घेणारे आणि न घेणारे असे दोन गट शेजारी-शेजारी ठेवून पाहावे लागते. एकिनेशिया ही सर्दीवरची जगभर खपणारी वनस्पती. तिच्या चोवीस चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पदरात पडला तो फार तर निसटता लाभ.

राहिला निसर्गाचा मुद्दा. ओसेल्टामिविर बनवण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढले जात आले आहे. तरीही चक्रीफूल उकळून प्यायल्याने फ्लू जात नाही, कारण त्या आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावरच ते औषध होते. वनस्पतीत रसायनेच असतात. एखादी वनस्पती खरोखर गुणकारी असेल, तर तिच्याकडून अपायाचीही शक्यता मान्य करावी लागते.

नाडीपरीक्षा

मी आयुर्वेदाची पदवीधर असून वैद्यकी करते. या चर्चेत काढ्यावर जे आक्षेप आले आहेत त्यांपैकी बहुतेक मला मान्य आहेत. मात्र ते आयुर्वेदावरचे आक्षेप म्हणून वाचले जाऊ नयेत, यासाठी लिहीत आहे.

सर्वांना एकच भरड, तीही ठरावीक पंधरा दिवस, ही पद्धत शास्त्रातली नाही. ज्वर नवा आहे की जुना, रुग्णाचे बल किती, अग्नी (पचनशक्ती) कसा आहे, हे पाहिल्याशिवाय द्रव्य ठरत नाही. चरकसंहितेत तर तरुणज्वरात, म्हणजे ताप नुकताच आलेला असताना, कषाय रसाची द्रव्ये वर्ज्य सांगितली आहेत. तिथे काढा या कल्पनेला निषेध नाही, तुरट द्रव्यांना आहे. पण अवस्थेचा विचार किती काटेकोर आहे ते यावरून लक्षात यावे. तीक्ष्ण, उष्ण अशी सुंठ-मिरी-पिंपळी, रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या ६८ वर्षांच्या रुग्णाला मी स्वतः दिली नसती.

गुळवेलीबाबत एक भर घालते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने असा मुद्दा मांडला की वनस्पती नीट ओळखली गेली होती का, कारण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात विषारी परिणाम करू शकते. मला दोन्ही बाजूंतून एकच व्यावहारिक गोष्ट दिसते: भरडीत नेमके काय आहे हे ठाऊक नसेल, तर ती देऊ नये. ज्यांना यकृताचा किंवा स्वप्रतिकारक्षमतेचा (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) विकार आहे, त्यांनी ओळखलेली गुळवेलही विचारल्याखेरीज घेऊ नये.

अडुळशाला मात्र मी सहजासहजी सोडणार नाही. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या आधारेच ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि पुढे अँब्रॉक्झॉल आले. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांत ही औषधे असतात. गरोदर स्त्रियांनी अडुळसा टाळावा, कारण गर्भाशयाच्या आकुंचनाची भीती असते. तुमच्या वडिलांना खोकला कोरडा असल्याने आज त्याचीही निकड दिसत नाही. पुढे कफ सुटेना, तर एकट्या अडुळशाबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलता येईल.

आणि काढ्याच्या चर्चेत हे विसरू नका: ओसेल्टामिविर लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे वागणे, ओठ निळसर दिसणे, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४च्या खाली दिसणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसले, तर फोनवर सल्ला विचारत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

खिडकीपाशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोळी काल रात्रीच सुरू केली आहे, म्हणजे ४८ तासांच्या आतच. आज सकाळी डॉक्टरांना काढ्यातील सहाही घटक वाचून दाखवले आणि या वेळी प्रश्न बदलला: "काढा देऊ का?" असे न विचारता "यातले काय वॉरफरिनला आणि पोटॅशियमला बाधेल?" असे विचारले. ते पाच मिनिटे बोलले. काढा बंदच ठेवायचा आहे, पॅरासिटामॉल ठरवून दिलेल्या मात्रेपलीकडे जाऊ द्यायचे नाही, आणि आय.एन.आर. व पोटॅशियम या दोन्ही तपासण्या परवा करायच्या आहेत. आत्याला नाडीपरीक्षा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. डॉक्टरांच्या नकारापेक्षा वैद्यांचा नकार तिला अधिक पटला, हे कबूल केले पाहिजे.

एक उपप्रश्न राहिला. घरात माझा दहा महिन्यांचा मुलगा आहे आणि त्यालाही आजपासून खोकला आहे. त्याला अडुळशाचा रस मधातून चाटवावा, असे आत्या सुचवते.

नाडीपरीक्षा

देऊ नका. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही निमित्ताने देऊ नये. त्यात बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. घरात इन्फ्लुएंझाचा रुग्ण आहे, त्यामुळे बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आजोबांचे निदान त्यांना आवर्जून सांगा.